बेटात न्या मला

या, बसा. फळ्या सकाळीच पुसल्यात. मी हातगाडी. नावात गाडी असली तरी मला गाड्यांत कोणी धरत नाही, म्हणून तर इथं माझी सोय लागली. या बेटावर पाटीच आहे, 'वाहनांस मनाई'. मोटारी पलीकडच्या काठावर उन्हात तापतात आणि मी इथं हिंडते.

शेवगावच्या एका सुतारानं मला बाभळीच्या लाकडातून घडवलं. पहिले मालक काकासाहेब, किराणा दुकानदार. शाळेशी त्यांचं फार जमलं नाही, पण गिऱ्हाईक ओळखावं तर त्यांनीच. कोणी 'तेल द्या' म्हटलं की डबा उघडायच्या आधी विचारत, "डोक्याला, कढईला, का देवापुढं?" एकदा नव्या नोकरानं न विचारता दिलं आणि एका घरची भजी माक्याच्या वासाची झाली. सगळी पेठ आठवडाभर हसत होती.

मग दुकानाला टेम्पो आला आणि मी परसात कोंबड्यांच्या वाट्याला गेले. तिथून इथं पाहुण्यांना फिरवणाऱ्या गहिनीनाथनं मला उचललं, नावेत घालून आणलं. आता गढीची चढण, बारव, महादेवाचं देऊळ आणि हिवाळ्यात रोहित पक्षी उतरतात तो काठ, असा माझा फेरा. माणसं इतक्या लांबून पक्षी बघायला येतात आणि त्यांच्याकडे पाठ करून फोटो काढतात. काढोत बापडी.

परवा छबूबाई आल्या. सोबत मुलगा रंगनाथ, सोनईत त्याचं खतांचं दुकान. बाईंचं सासरचं गाव धरणाच्या पाण्याखाली गेलेलं. डोळे पुरते जायच्या आत एकदा न्या, असा हट्ट धरून आलेल्या. पदराला कसलीशी गाठ. शेवटची नाव दिवस मावळताना सुटते.

"मला बेटात न्या," बसल्याबसल्या त्या म्हणाल्या.

"बेटावर म्हण, आई. आलोय की आपण."

"बेटात."

गहिनीनाथनं गढीकडे नेलं. "आजी, ही येस बगा. लई जुनी हाय."

"हितनं आमची गुरं जायची. येस काय बगू? बेटात न्या."

देवळाशी नेलं, पक्ष्यांपाशी नेलं, तरी तेच. ऊन कललं तसा रंगनाथ वैतागला. "चारी बाजूंनी पाणी आहे, आई. याहून बेट वेगळं काय असतं?"

"आमच्या वक्ताला पानी कुठं हुतं? ही टेकडी हुती. समद्या वाटा गावातनं वर यायच्या. गावच बुडालं, आता वाट कुठनं दावू?"

गहिनीनाथनं मला थांबवलं. "आजी, कळकाचं बेट म्हनता व्हय?"

"मग काय साखरेचं?"

मला काकासाहेब आठवले. दिवसभरात म्हातारीला कोणी विचारलंच नव्हतं, डोक्याला का कढईला.

ते बांबूचं बेट बारवेच्या मागं, वाटेपासून आत आहे. काम संपलं की मला तिथंच साखळीनं बांधतात. जाताना रंगनाथही मागून ढकलू लागला.

छबूबाई उतरल्या, हातांनी कळक चाचपत बुडाशी बसल्या आणि गाठ सोडली. आत तान्ह्या बाळाची काळ्या मण्यांची मनगटी, नवी कोरी.

"तुझ्या आधीची," त्या मुलाला म्हणाल्या. "हितं ठिवली तिला. मग पानी आलं, गाव उठलं."

रंगनाथला घरात जन्मभर थोरला म्हणत आले होते. तो आईशेजारी मातीत बसला. "नाव काय तिचं?"

"बारसंच न्हाई झालं. नाव कुठलं?"

तेवढ्यात काठावरून हाक आली, "नाव सुटली बरं का."

"थांबा," रंगनाथ ओरडला. "आमच्या घरचं मानूस हाय हितं."

सोनईच्या दुकानातली भाषा गळून पडली होती. नाव थांबली.

आता माझं एक चाक डुगडुगतं. बॅटरीवर चालणाऱ्या छोट्या गाड्या येणार अशी बोलवा आहे. येऊ देत. टेम्पो आला तेव्हाही मी रुसले नव्हते. मोडीत काढायची वेळ आली तर एवढंच करा. मला बेटावर कुठंही टाकू नका. बेटात ठेवा.