फळीचं माप

दुकानदार नमुना ठेवून गेला, तसा काकांनी तो दोन बोटांत धरून खिडकीपाशी नेला. अंगठ्याहून जाड, वीतभरही लांब नाही, दोन्ही टोकं बोथट. त्यांनी तो हुंगला, कानाशी धरून हलकेच दाबला आणि पुतणीच्या टेबलावर आणून ठेवला.

"हा सिगार आहे की पलंगाचा पाय?"

"लोकांना हाच हवाय, काका."

"लोकांना पलंगही हवा असतो. तो सुतार करतो."

समोरच्या बाकांवर पानं वळत बसलेले चौघे मान खाली घालून हसले. पुतणीला कारखान्यात सगळे ताई म्हणत. वडील गेल्यावर ती मालकाच्या खुर्चीत बसली, तेव्हापासून काका मात्र तिला 'सरकार' म्हणायचे. रागावले की जरा जास्तच.

दुकानदाराचं म्हणणं साधं होतं. पूर्वी माणूस संध्याकाळी पाय पसरून बसायचा, त्याला लांब, बारीक सिगार परवडायचा. आता कुणाला तेवढी सवड नाही, पण हातात घेतलं की भरल्यासारखं वाटायला हवं. तेव्हा आखूड आणि जाड. महिनाअखेरीला तो नमुने पाहायला येणार होता. पसंत पडले तर वर्षभराचा माल इथून उचलणार, नाहीतर दुसरा कारखाना गाठणार. बारीक सिगारचं गिऱ्हाईक आता जवळच्या गल्ल्यांतल्या काही म्हाताऱ्यांपुरतं उरलं होतं. हे काम हातचं गेलं तर निम्मे बाक रिकामे करावे लागणार, हे पुतणीला स्पष्ट दिसत होतं. चौघे होतकरू होते, पण काकांच्या हातून एकदा झालेलं पाहिल्याशिवाय त्यांचं काही जमत नसे.

आणि काकांनी सांगून टाकलं होतं, "दादाच्या मापाला हात लावलास, तर मी या बाकावरून उठलो म्हणून समज."

दादा म्हणजे पुतणीचे वडील, आणि त्यांचं माप म्हणजे भिंतीवर टांगलेली एक शिसवी फळी. तिच्यात एक गोल भोक. काकांचा सिगार दोन्हीकडे निमुळता आणि मधे पोट असलेला. वळून झालेला प्रत्येक सिगार त्या भोकातून पलीकडे काढायचा. पोट चहूकडून लाकडाला टेकलं पाहिजे, पण अडकता कामा नये. अडकला किंवा सैल गेला, तर उलगडून पुन्हा वळायचा. या नियमातून खुद्द वडीलही सुटले नव्हते.

निदान एखादा मुरलेला जुना सिगार दाखवून दुकानदाराचं मन वळवता येईल, या आशेने पुतणीने वडिलांचं कपाट उपसलं. तळाशी मेणाने बंद केलेला पत्र्याचा डबा निघाला. त्यात काही सिगार होते, काकांच्याच आकाराचे. तिने सवयीने एक उचलला आणि फळीच्या भोकात घातला. तो नुसता पलीकडे घसरला, कुठे टेकलासुद्धा नाही.

वाळलेला सिगार आकसतो, हे तिला ठाऊक होतं. म्हणून तिने लगेच काही ठरवलं नाही. डब्यातला एक आणि काकांनी त्याच दिवशी वळलेला एक, असे दोन्ही तिने पानं ठेवायच्या दमट खोलीत शेजारी शेजारी ठेवले. रोज जाऊन दोन्ही दाबून पाहायची. दोन्ही बोटांना सारखेच मऊ लागायला लागले, तेव्हा तिने ते पुन्हा फळीला लावले. काकांचा नेमका बसला. जुना आताही सैलच. मग तिने फळी उतरवून उजेडात धरली. सिगार घालायच्या बाजूने भोकाची कड गुळगुळीत होऊन चमकत होती आणि आतून ते भोक जरा नरसाळ्यासारखं झालं होतं; पलीकडची कडही घासून गेली होती.

जेवणाच्या सुट्टीत चौघे बाहेर गेल्यावर तिने काकांना डबा दाखवला.

"हा कुठे मिळाला तुला?" काकांनी डबा मांडीवर घेतला. "फळी आणली त्या आठवड्यात वळलेत हे. दादा म्हणाला होता, जपून ठेवू."

तिने फळी पुढे केली. काकांनी एक सिगार घालून पाहिला. दुसरा घातला. मग फळी उलटी करून घातला.

"झिजली," ते म्हणाले.

"लाकूडच ते. रोज इतके सिगार घासून जातात. भोक वाढत गेलं आणि तुम्ही ते भरेल असं वळत गेलात." मग तिने मनातलं बोलून टाकलं. "म्हणजे बाबांचं माप कधीच सुटलंय, काका. कुणाला पत्तासुद्धा लागला नाही. मग आणखी थोडं जाड केलं तर काय..."

काकांनी तिचं पुरतं ऐकलंच नाही. डबा काखोटीला मारून ते बाहेर पडले. तिला वाटलं, मन मोकळं करायला गेले असतील. ते गेले होते सुताराकडे.

दुसऱ्या दिवशी भिंतीवर नवी फळी होती. भोक डब्यातल्या सिगारच्या मापाचं.

"इतकी वर्षं चुकीचं वळलं," काका चौघांना म्हणाले. "आजपासून बरोबर वळायचं."

पुतणीने कपाळावर हात मारून घेतला. जाडीकडे वळवायला गेली आणि गाडी उलटीच धावायला लागली. चौघांची तर त्रेधा उडाली. एवढ्या बारीक पोटाला वरचं पान ताणून बसवायचं म्हणजे ते फाटायचं. काकांचंही फाटलं.

आठवडा व्हायच्या आत घड्याळजी आला. कोपऱ्यावरच्या घड्याळांच्या दुकानातला, काकांच्याच वयाचा. दुकान बंद केल्यावर रोज एक सिगार, तोही काकांच्याच हातचा, हा त्याचा नेम.

"काय हो, हात थरथरायला लागला का तुमचा?" त्याने आल्या आल्या विचारलं.

"का?"

"हे बघा." त्याने सिगार तोंडाच्या उजव्या कोपऱ्यात खोचला. तिथे दोन दातांत फट होती. सिगार हळूहळू कलला आणि हनुवटीकडे लोंबायला लागला. "डगडगतो. मला आपलं जुनं माप द्या."

"हेच जुनं माप आहे."

"मला शिकवू नका. लग्नाआधीपासून ओढतोय मी. जुनं माप माझ्या दातांना पाठ आहे."

काकांनी डब्यातला सिगार काढून त्याच्या हातात दिला. "हा लग्नाआधीचा. लावून बघा."

घड्याळजीने लावून पाहिला. तोही लोंबला. त्याने तो काढून डोळ्याजवळ धरला, जशी घड्याळं धरायचा तसा.

"असेल बाबा लग्नाआधीचा," तो म्हणाला. "तेव्हा माझे दातही एकमेकांना धरून होते."

"आ करा," काका म्हणाले.

घड्याळजीने आ केला. काकांनी वाकून ती फट पाहिली. मग पुतणीकडे पाहून म्हणाले, "सरकार, इथेही भोक झिजलंय."

पुतणीला हसू आवरेना. घड्याळजीला काहीच कळलं नाही. "मी काय तपासायला आलोय इथे? सिगार द्या, मी जातो." काकांनी त्याला आधीच्या मापातले, खोक्यात उरलेले सिगार बांधून दिले.

त्या दुपारी काकांनी एकही सिगार वळला नाही. गुडघ्यांवर हात ठेवून बसून राहिले. संध्याकाळ व्हायच्या सुमाराला त्यांनी हाक मारली, "तो पलंगाचा पाय कुठे ठेवलायस?"

तिने नमुना आणून दिला. काकांनी सुरीने तो उभा चिरला आणि आतली पानं एकेक करून मांडली.

"पंख्यासारख्या घड्या घातल्यात. नुसता वारा भरलाय आत."

"म्हणून तर ओढायला हलका जातो."

"कळतंय मला. शिकवू नकोस."

पण त्यांना शिकावं लागलं. पहिला जाड सिगार त्यांनी दिसायला देखणा वळला, आणि न पेटवता ओढून पाहिला तर गाल आत गेले, हवा काही येईना. बारीक सिगारला आतली पानं मुठीत घट्ट आवळायची, तीच मूठ त्यांनी जाडाला लावली होती. दुसरा तसाच, तिसरा इतका सैल की मधे मोडला. चौघे काम सोडून पाहत होते.

"बघताय काय?" काका त्यांच्यावर खेकसले. "उद्या हेच करायचंय तुम्हाला. मी कुठे चुकतो ते तरी बघून ठेवा."

दुकानदार आला, तेव्हा टेबलावर सिगार मांडलेले होते. जाडी त्याने मागितलेली, पण दोन्ही टोकं निमुळती.

"मी बोथट सांगितले होते," तो पुतणीला म्हणाला.

"पोट तुमच्या गिऱ्हाइकांचं," काका बाकावरूनच म्हणाले. "टोकं आमची."

दुकानदाराने एक पेटवला. राखेकडे पाहत तो सावकाश ओढत राहिला. पुतणीने मुद्दामच कामात डोकं घातलं.

"निम्मे असे द्या," तो अखेर म्हणाला. "निम्मे बोथट. बोथट नसतील तर मला जमणार नाही."

पुतणीने काकांकडे पाहिलं. होकार द्यायचा तर आत्ताच द्यायला हवा होता, आणि तो तिच्या एकटीच्या हातात नव्हता.

"बोथट मी वळणार नाही," काका म्हणाले. "हे चौघे वळतील. मी बसून दाखवीन."

"म्हणजे तुम्हीच वळणार," पुतणी म्हणाली.

"दाखवण्यापुरतं."

"ठरलं मग," ती दुकानदाराला म्हणाली.

काका शेजारच्या बाकाकडे वळले होते. "मूठ सोड," ते तिथल्याला सांगत होते. "आणखी सोड. पान पळून जात नाही कुठे."