तक्रारपेटीची दुसरी किल्ली

लाल धागा होता. बोटभर लांब, टॉवेलच्या काठाला असतो तसला, आणि झाकण उचलताना तो तुटल्याचं सिद्धेश्वरीबाईंच्या बोटांना आधी कळलं, मग डोळ्यांना – एक टोक झाकणाच्या खालच्या कडेला, दुसरं पेटीच्या अंगाला, दोन्हीकडे वाळलेल्या डिंकाचा ठिपका. पेटीत मात्र काहीच नव्हतं. एक चिठ्ठी नाही, एक कपटा नाही.

शुक्रवार होता, सकाळचे दहा, आणि शाळा अकराला भरायची होती. पेटी उघडायचा वार शनिवार – पालक प्रतिनिधी, पोलीसताई, दोन शिक्षक, सगळ्यांच्या देखत, चिठ्ठ्या मोठ्यानं वाचायच्या असा नियम. किल्लीही पालक प्रतिनिधींकडेच. पण कुलपाबरोबर किल्ल्या दोन मिळतात, आणि दुसरी गेलं वर्षभर मुख्याध्यापिकाबाईंच्या, म्हणजे त्यांच्याच, पर्समध्ये होती, शेंगाचटणीच्या डबीला चिकटून. हे कुणाला ठाऊक नव्हतं. नव्हतं ना?

आणि वाईट तरी काय होतं त्यात... संस्थेचे सचिव फोनवर स्पष्ट म्हणाले होते, "बाई, शनिवारी काय निघणार ते शुक्रवारी ठाऊक पाहिजे." समोरच्या नव्या इंग्रजी शाळेच्या पिवळ्या बसगाड्या रोज डोळ्यांत खुपत होत्या, पट दर वर्षी घसरत होता, वर्गतुकडी तुटली की शिक्षक जाणार; अशात एक चिठ्ठी कुणी पालकांच्या ग्रुपवर टाकली की दुसऱ्या दिवशी दाखले मागायला रांग. आणि मी काही नुसत्या फाडल्या नाहीत चिठ्ठ्या. टाकीत पाल आहे म्हणून निघाली, टाकी धुऊन घेतली. मुलींच्या संडासाला कडी नाही म्हणून निघाली, त्याच दुपारी सुतार बोलावला. शनिवारी पेटी रिकामी निघायची, पोलीसताई म्हणायच्या, "छान चाललंय तुमच्या शाळेचं," आणि सगळ्यांनी चहा प्यायचा.

मग हा धागा कुणाचा?

शिवकुमार सरांचा. संगणकाचे, नवे, पुण्याहून शिकून आलेले. गेल्या सभेत हेच म्हणाले होते की पेटी उघडतानाचं चित्रीकरण करू या. 'पारदर्शकता' हा शब्द ते इतक्यांदा वापरतात की तो ऐकला की बाईंच्या कपाळाची शीर उडते. आज प्रार्थनेच्या वेळी ते पेटीच्या बाजूलाच उभे होते, आणि बाईंनी पाहताच हसले – आता हसायला काय झालं होतं? पहिला तास, दुसरा तास, बाई कार्यालयात ऑनलाइन माहिती भरत बसल्या, आधार जुळलेल्या मुलांचे आकडे, न जुळलेल्यांचे आकडे, आणि दारावरून जाणाऱ्या प्रत्येक पावलाला मान वर. चोराच्या मनात चांदणं म्हणतात... पण मी चोर आहे का? आहे का मी?

मल्लव्वा चहा घेऊन आली. वीस वर्षं शाळेत असलेली सेविका, अक्कलकोटकडची. व्हरांडा झाडायला हीच सकाळी सगळ्यांत आधी येते. हिनंही पाहिलं असेल मला पेटी उघडताना.

"मल्लव्वा, पेटीपाशी कोण घुटमळतं गं?"

"पयलं लई लेकरं जायची बाई. आता कोनच न्हाय जात." कप ठेवताना ती खाली वाकली. "तुमच्या पदराला ह्यो लाल धाग्याचा तुकडा अडकलाय की."

तिनं तो काढून टेबलावर ठेवला, अगदी सहज. की सहज नव्हे? टॉवेलांच्या या गावात धाग्यावरून माणूस शोधायचा म्हणजे निम्म्या शाळेला उभं करावं लागेल. कुणाच्या घरात माग, कुणाची आई शिलाईला, कुणाचा बाप गिरणीच्या रंगखात्यात.

मधल्या सुट्टीनंतर वर्ग चालू झाले, व्हरांडा मोकळा झाला, तेव्हा बाई जवळचं बघायचा चष्मा लावून पुन्हा पेटीपाशी गेल्या. ठिपका पाहायला त्यांना बरंच वाकावं लागलं, गुडघा टेकावा लागला. पेटी मुलांच्या हाताला येईल अशी लावली होती, आणि डिंकावर बोटाचा ठसा उमटला होता – इवलासा, हरभऱ्याच्या डाळीएवढा.

मोठ्या माणसाचा नव्हताच तो.

कुणीतरी लहान जिवानं आधी परीक्षा घेतली होती. पेटी शनिवारपर्यंत खरंच बंद राहते का, हे बघायला. म्हणजे ज्याला बघावंसं वाटलं, त्याची चिठ्ठी एकदा टाकून झाली होती... आणि शनिवारी ती वाचली गेली नव्हती.

दोन आठवड्यांपूर्वी आलेली शेवटची चिठ्ठी ड्रॉवरमध्ये तळाशी होती. फाडायची राहिली होती, एवढंच. "व्हॅनवाले काका मला रोज पुढे बसवतात. मला पुढे बसायचं नाही. नाव लिहीत नाही." तेव्हा काय वाचलं होतं मी? गर्दी वाचली होती. वाहतुकीचा नियम वाचला होता. शाळेची एकच व्हॅन, अकरा मुली, आणि चालक रुद्रप्पा म्हणजे मंद्रूपचा देवभोळा गडी, कपाळाला रोज विभूती... त्याला लगेच फोन केला होता: मुलींना पुढे बसवू नका, पेटीत तक्रार आलीय.

"कोन म्हनलं बाई?" तो म्हणाला होता. "न्हाय, रागवत न्हाय मी, पर कोन म्हनलं ते तरी सांगा की."

तीनदा विचारलं होतं त्यानं. नाव नाही म्हटल्यावर त्यानं फोन ठेवला, आणि बाईंनी डायरीत 'मिटले' असं लिहून खाली रेघ मारली होती. व्हॅनमध्ये मग पुढे कोण बसतं, हे त्यांनी एक दिवसही जाऊन पाहिलं नव्हतं. राखण म्हणून मला बसवलं, आणि कुंपणानंच... कदाचित काहीच नसेल. कदाचित खरोखरच गर्दी असेल. पण हे 'कदाचित' कुणाच्या जिवावर?

पाचला घंटा झाली. फाटकाबाहेर ऊन अजून भाजत होतं. मुली मागे दाटीवाटीनं चढल्या होत्या, आणि पुढची जागा मोकळी होती. बाईंनी दार उघडलं आणि आत बसल्या.

"बाई, तुमी? कुटं सोडू?"

"कुठे नाही. शेवटची मुलगी उतरेपर्यंत येते. उद्याही येणार आहे, शनिवारचं काम झाल्यावर."

जागा अरुंद होती, आणि गिअरचा दांडा बाईंच्या गुडघ्याला लागून होता, इतका, की तो हलवायला रुद्रप्पाचा हात तिथंच येणार. त्यांनी पाय आवरून घेतले.

"त्या चिठ्ठीचं हाय व्हय मनात अजून?" तो हसला. "कळलं का, कोन म्हनलं?"

सकाळी दहापासून त्यांनी दुसरं काय विचारलं होतं? शिवकुमारकडे बघत, मल्लव्वाकडे बघत, शब्दन् शब्द हाच.

समोर आरसा होता. नुसती नजर उचलली असती तर अकराही चेहरे दिसले असते, आणि चेहरे वाचायला तीस वर्षांची नोकरी पुरेशी होती... त्यांनी नजर खालीच ठेवली, मांडीवरच्या पर्सवर, जिच्यात ती किल्ली होती. मला नाही कळून घ्यायचं ती कोण ते. तिला कळू दे मी कोण आहे ते – मीच उघडत होते पेटी, उद्या सगळ्यांसमोर सांगेन मी... सांगेन ना?

व्हॅन हलली. मागून कुणीतरी आपल्याकडे पाहतंय, असं त्यांना पाठीत जाणवत होतं, आणि त्या नजरेचा त्यांच्यावर अजून विश्वास बसलेला नव्हता.