छत्तीस कागद, मोजून

छत्तीस तोंडं असूनही ऐन वेळी ज्यांतल्या एकातूनही शब्द फुटला नाही, अशी मी एक जुनी लाकडी मांडणी आहे, मित्रांनो. एका माध्यमिक शाळेच्या शिक्षकखोलीत, दाराच्या डाव्या हाताला, भिंतीला पाठ लावून मी उभी असते. मला नऊ-नऊ खणांच्या चार ओळी आहेत आणि अगदी खाली, जमिनीलगत, एक लांबट खण आहे. प्रत्येक खणावर एकेका शिक्षकाच्या नावाची पट्टी आहे. खालच्या लांबट खणावर मात्र पट्टी नाही.

मला घडवणारे सुतारकाका मोठे बोलके होते. अकरा दिवस ते माझ्याशी आणि स्वतःशी बडबडत होते. शेवटचा खिळा ठोकल्यावर लांब उभं राहून त्यांनी मला न्याहाळलं आणि म्हणाले, "छत्तीस बिऱ्हाडं आहेत हिच्यात. भांडणं होणारच!" पण भांडणं काही झाली नाहीत. खण छत्तीस होते, तरी आमच्यात कधी छत्तीसचा आकडा नव्हता. गणिताच्या सरांचा खण इतका नेटका, की त्यात धूळसुद्धा रांगेत बसायची. भाषेच्या बाईंचा खण म्हणजे तपासायच्या निबंधांचं गोदाम. आणि खेळाच्या सरांचा खण! त्यात एकदा एक केळं तीन आठवडे विसरलं गेलं. तेव्हा अख्खी खोली नाकाला रुमाल लावून मलाच नावं ठेवत होती. करावं केळ्यानं आणि निस्तरावं मी!

माझं खरं काम सोमवारी असायचं. दर सोमवारी शाळेचा एक साप्ताहिक कागद निघतो. सगळे त्याला 'सोमवारचा कागद' म्हणतात. तो चित्रकलेच्या बाई लिहितात आणि कोपऱ्यात एखादं फूल नाहीतर मांजर काढतात. कुणाला मुलगी झाली, कुणाची बदली झाली, पालकसभा कधी, कुणाची स्कूटर फाटकात आडवी लावलेली असते, वाचनालयाची पुस्तकं कुणी परत केलेली नाहीत, अशा साऱ्या बातम्या त्यात असतात. तो कागद माझ्या खणांत पडला, की खोली कशी जागी व्हायची! "अरे, अभिनंदन!" "पेढे नंतर, आधी माझी छत्री द्या!" सगळ्या शाळेची खबर आधी माझ्याकडे यायची आणि मग लोकांकडे. मला केवढी ऐट होती म्हणून सांगू! मला वाटायचं, शाळा म्हणजे मीच.

हे कागद खणांत ठेवायच्या मावशी. मावशी म्हणजे शाळेची झाडलोट करणाऱ्या बाई. त्या बावीस वर्षं या शाळेत होत्या. सकाळी सगळ्यांच्या आधी यायच्या, ओल्या फडक्यानं माझा एकेक खण पुसायच्या आणि मग कागदांचा गठ्ठा घेऊन मोजत मोजत वाटायच्या. "एक, दोन, तीन... छत्तीस. झालं बाई!" हे 'झालं बाई' त्या मलाच म्हणायच्या. त्यांना उत्तम वाचता यायचं. नावाच्या पट्ट्या वाचूनच तर त्या कागद ठेवायच्या. पण आतला कागद उघडून त्यांनी कधी पाहिला नाही. एकदा आठवीतली एक मुलगी वही ठेवायला आली आणि तिनं हळूच एक कागद उलगडला, तर मावशींनी तिचा कान धरला. "दुसऱ्याच्या खणातलं वाचतेस? उद्या दुसऱ्याच्या ताटातलं खाशील!"

आता जी गोष्ट सांगणार आहे, ती सांगताना माझी मान खाली जाते. मांडणीला मान नसते म्हणा, पण जाते खरी.

नऊ-दहा वर्षांपूर्वी एका दुपारी मावशींनी आपला चष्मा आणि रुमाल माझ्या खालच्या लांबट खणात ठेवला. तो खण रिकामाच होता. पण मी आतून चिडले. माझ्यात शिक्षकांच्या वस्तू असतात, आणि हिचा रुमाल? त्या चष्मा काढायला गेल्या, तेव्हा माझ्या फळीचा एक अणकुचीदार तुकडा त्यांच्या बोटात घुसला. मावशींनी बोट तोंडात धरलं, चष्मा आणि रुमाल उचलून खिडकीच्या कठड्यावर नेऊन ठेवला. पुन्हा कधी त्यांनी तिथे काही ठेवलं नाही. पुढे त्या खणात तुटक्या पट्ट्या, किल्ल्या हरवलेली कुलुपं आणि एकेकटे हातमोजे जाऊन पडले. आणि मी? मी खूश झाले होते, मित्रांनो. सुंठीवाचून खोकला गेला, असं मला वाटलं होतं.

यंदा मावशी निवृत्त व्हायच्या होत्या. मुख्याध्यापिकांनी, म्हणजे सगळ्यांच्या मोठ्या बाईंनी, त्यांना बोलावून सांगितलं, "मावशी, शुक्रवारी तीन वाजता हॉलमध्ये तुमचा निरोप समारंभ. घरच्यांनाही आणा." मावशी त्या दिवशी दिवसभर जिना झाडताना गुणगुणत होत्या. त्यांची एक थोरली बहीण दूरच्या गावी राहते. आईवडिलांच्या मागे तिनंच मावशींना वाढवलं होतं, पण शाळेतल्या कामाचा विषय निघाला, की तिचं एकच वाक्य असायचं, "शेवटी केरच काढतेस ना?" मावशी हे हसत हसत सगळ्यांना सांगायच्या. पण मला पुसताना त्या एकदा स्वतःशीच पुटपुटल्या, "एकदा ताईनं बघितलं पाहिजे, मला इथे काय मानतात ते." त्यांना एवढंच हवं होतं.

आणि मग तो सोमवार आला. हॉल शुक्रवारी परीक्षेच्या बैठकव्यवस्थेसाठी लागणार होता. म्हणून चित्रकलेच्या बाईंनी कागदात चौकट करून छापलं, की मावशींचा निरोप समारंभ शुक्रवारऐवजी गुरुवारी तीन वाजता होईल. कोपऱ्यात त्यांनी एक झाडू काढला होता आणि झाडूला फुलं आली होती. फारच सुंदर!

कागदांची घडी घातलेला गठ्ठा मावशींच्या हातात पडला. त्यांनी तो माझ्यात वाटला. एक, दोन, तीन. स्वतःच्या निरोपाची बदललेली तारीख त्यांनी स्वतःच्या हातानं छत्तीस वेळा ठेवली, मित्रांनो, आणि एकदाही वाचली नाही. त्यांचा अंगठा नेमका त्या चौकटीवरून फिरत होता. मी मनात ओरडत होते, एक तरी कागद उलगडू दे, एक तरी खाली पडू दे! पण त्या दिवशी माझी एक फळी हलली नाही. बोटात तुकडा खुपसायला बरी तयार होते!

"छत्तीस. झालं बाई," मावशी म्हणाल्या.

कुणी तोंडी कसं नाही सांगितलं, असं तुम्ही विचाराल. खेळाच्या सरांनी मावशींसाठी एक भलंमोठं शुभेच्छापत्र करायला घेतलं होतं. त्यावर सगळ्यांच्या सह्या चालल्या होत्या, आणि ते त्यांना अचानक द्यायचं होतं. "मावशी आल्या की विषय बंद हं!" असा सरांचा हुकूम होता. म्हणून मावशी खोलीत शिरल्या, की सगळे एकदम हवापाण्याबद्दल बोलू लागायचे. मंगळवारी भाषेच्या बाईंच्या तोंडून निसटलंच, "मग मावशी, समारंभाची तयारी झाली का?"

"झाली म्हणजे काय! ताईला आणायला चाललेय. बुधवार-गुरुवारची रजा गेल्याच आठवड्यात टाकलीय."

"अरे वा!" असं म्हणून भाषेच्या बाई सह्यांचा कागद पाठीमागे लपवण्यात गुंतल्या. गुरुवार हा शब्द त्यांच्या एका कानातून शिरला आणि दुसऱ्यातून गेला.

गुरुवारी तीन वाजता हॉल भरला. मला तो दिसत नाही, पण साडेतीननंतर सगळे खोलीत परतले, तेव्हा सगळं कळलं. खेळाचे सर तीनदा फाटकापर्यंत पळत जाऊन आले होते.

"कमाल आहे! आम्ही तास सोडून बसलो, आणि बाईसाहेबांचा पत्ता नाही!"

"मान दिला तरी घेता यायला हवा ना."

"जाऊ द्या हो. ताईला आणायला गेल्या असतील, ताईनं अडवलं असेल."

"एक फोनसुद्धा करता येत नाही?"

शुभेच्छापत्र माझ्या माथ्यावर आडवं ठेवून सगळे घरी गेले. त्याचं ओझं फार नव्हतं, तरी मला ते पेलवेना.

शुक्रवारी पावणेतीनला दार उघडलं. मावशी आल्या होत्या. ठेवणीतले कपडे, नवी चप्पल, केस नीट बांधलेले. मागे त्यांची ताई होती, काठी टेकत, आणि मावशी तिला कौतुकानं दाखवत होत्या. "ही बघ शिक्षकखोली. आणि ही मांडणी. रोज मीच पुसते."

खोलीत कुणी उठलं नाही. खेळाचे सर जरा तुसडेपणानंच म्हणाले, "काय मावशी, काल कुठे होतात?"

"काल? काल रजा होती की, सर. ताईकडे गेले होते." मावशींनी सगळ्यांकडे पाहिलं. "हॉलमध्ये बाकांवर नंबर चिकटवलेत. समारंभ इथेच आहे का मग?"

चित्रकलेच्या बाईंचा चेहरा पांढराफटक पडला. "मावशी... तो काल झाला. म्हणजे, होता. कागदात दिलं होतं. तुम्हीच तर वाटलात."

"वाटले ना. छत्तीस. मोजून."

"मग वाचलं नाहीत?"

"दुसऱ्याच्या खणातलं कसं वाचू, बाई?"

छत्तीस माणसं माझ्या खणांकडे पाहू लागली, एकेका पट्टीवरून त्यांची नजर फिरली आणि खाली गेली. मला वाटलं, आत्ताच्या आत्ता मला वाळवी लागावी.

ताईंनी काठी उचलली. "चल. सव्वातीनची बस आहे." त्या केराबद्दल काही बोलल्या नाहीत. बोलल्या असत्या, तर बरं झालं असतं.

"थांब गं, ताई." मावशींनी पिशवीतून चष्मा काढून डोळ्यांवर चढवला. "बाई, जरा तो कागद देता?"

चित्रकलेच्या बाईंनी आपल्या खणातला कागद दिला. मावशींनी तो उलगडला आणि बहिणीला ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं वाचला. "बावीस वर्षं आपली शाळा लखलखीत ठेवणाऱ्या आपल्या लाडक्या मावशी निवृत्त होत आहेत. सर्वांनी आवर्जून उपस्थित राहावे." त्या झाडूच्या चित्राकडे पाहून हसल्या. "छान काढलंय हो." मग मूळच्याच घडीवर कागद दुमडला आणि परत केला.

"राहू द्या ना तुमच्याकडे," बाई कशाबशा म्हणाल्या.

"नको. हा तुमचा आहे."

आणि दोघी बहिणी गेल्या. खेळाच्या सरांना शुभेच्छापत्र आठवेपर्यंत बस निघून गेली होती.

पुढच्या सोमवारच्या कागदात दिलगिरी छापून आली. चांगलं लिहिलं होतं, खोटं काही नव्हतं. वाटायला कुणी नव्हतं, म्हणून चित्रकलेच्या बाई स्वतःच गठ्ठा घेऊन माझ्यापुढे उभ्या राहिल्या. छत्तीस खण भरले आणि त्यांच्या हातात एक कागद उरला. तो त्यांनी मावशींसाठीच काढला होता. त्यांचा हात माझ्या पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत फिरला आणि तिथेच थांबला. "माफी मागतोय आम्ही," त्या हळूच म्हणाल्या, "आणि तीसुद्धा आपापसातच वाटून घेतोय."

मग त्यांनी छत्तीसच्या छत्तीस कागद माझ्यातून परत काढले आणि कचऱ्याच्या डब्यात टाकले. उरलेला एक पर्समध्ये घातला, शुभेच्छापत्र काखेत मारलं आणि माझ्या पाठच्या भिंतीपलीकडे, मोठ्या बाईंच्या खोलीत जाऊन म्हणाल्या, "मला आज रजा हवी आहे. मावशींच्या घरी जायचंय." मोठ्या बाईंची खुर्ची सरकली. "थांबा. मीही येते. कागद नको, तोंडानंच सांगू."

मावशींनी दार उघडलं की नाही, ते मला ठाऊक नाही. मला कोण सांगायला येणार? आणि मला कळावं, इतकी माझी लायकीही नाही.

मित्रांनो, जुन्या वस्तू शेवटी तुमच्याकडे काहीतरी मागतात. रंग लावा, जपून वापरा, अडगळीत टाकू नका. मला त्यातलं काही नको. माझं एवढंच ऐका. उद्या तुमच्या वर्गात कुणी सूचनेचा कागद घेऊन येईल. तो हातात घ्याल, तेव्हा वाचायच्या आधी मान वर करा आणि देणाऱ्याला विचारा, "तुम्ही वाचलात का?"