करड्या अक्षरांतलं ‘नको’

फोनवरून गुडघ्याचा एक पट्टा मागवला होता मी. एकच. गुडघे दोन असले तरी दुखतो उजवाच. पण त्यानंतर दर महिन्याला एक पट्टा येत राहिला. पाचवा आला तेव्हा मी खोका दारातच आपटला.

आमचे हे आतल्या खोलीत बसून होते. चाळीस वर्षं घड्याळं दुरुस्त केली आणि दोन वर्षांपूर्वी डोळे गेले. तेव्हापासून घरात त्यांना कुणी काही विचारत नव्हतं, मीसुद्धा नाही. जेवण द्यायचं, औषध द्यायचं, झालं. चांगला बोलका माणूस गप्प होत चालला होता. मला त्या गप्पपणाची फार भीती वाटायची, पण उपाय सुचत नव्हता.

“काय आपटलंस?”

“पट्टा. आणखी एक.”

“अगं, बंद कर ना मग.”

“तीनदा प्रयत्न करून झाला. जावयांनीही हात टेकले. कुठे दाबायचं तेच सापडत नाही.”

“माझ्या फोनवर उघडून दे.”

मला हसू आलं. यायला नको होतं.

लेकीने त्यांच्या फोनमध्ये वाचून दाखवणारा आवाज सुरू करून दिला होता. ते त्यावर नुसत्या बातम्या ऐकत. मी माझं खातं उघडून दिलं. ते बोट फिरवायला लागले, तसा फोन एकेक ओळ वाचू लागला.

“बटण. हो, मला माझ्या गुडघ्यांची काळजी आहे.”

“तेच दाबलं होतं मी,” मी म्हटलं. “एवढं मोठं, हिरवंगार.”

“हिरवं असेल. मला काय त्याचं?”

“सवलत संपायला चार मिनिटं,” फोन म्हणाला. ह्यांनी पान बंद करून परत उघडायला लावलं. पुन्हा पाच मिनिटांपासून सुरुवात.

“हे घड्याळ खोटं आहे,” ते म्हणाले. दुकानातला तो आवाज मी दोन वर्षांनी ऐकला.

बोट खाली सरकत राहिलं. “पट्टे नकोत, बंद करा.” फोनने हेही तितक्याच खणखणीत आवाजात वाचलं. मी चष्मा लावून पाहिलं. पार तळाशी, पांढऱ्यावर करडी, मुंगीएवढी अक्षरं होती. ह्यांनी दोनदा टिचकी मारली. मागणी बंद झाली.

“दिसतं तसं नसतं, म्हणून तर जग फसतं,” ते म्हणाले. वर हसले. मला रडू आवरेना.

ही गोष्ट मी पोटात थोडीच ठेवणार होते! चार दिवसांत खालच्या मजल्यावरची शिवणकाम करणारी बाई फोन घेऊन हजर झाली. कसलंसं मासिक तिची पाठ सोडत नव्हतं.

“काकू, जरा बघता का?”

“मी बघूनच फसले, बाई. आत काकांना विचार.”

ती आत जाणार, तेवढ्यात आतून आवाज आला, “बसव तिला दोन मिनिटं.”

मी आत डोकावले. हे कपाटात शर्ट चाचपत होते.

“गिऱ्हाईक आलं तेव्हा मी कधी बनियनवर बसलोय का?” ते म्हणाले. “इस्त्रीचा कुठला, ते सांग.”