काकूंनी केलेले माझे कौतुक

मी एक जुना एसी आहे. उन्हाळ्यात गार आणि हिवाळ्यात उबदार हवा देणे, हे माझे व्रत होते. आता जिन्याखाली रंगाच्या रिकाम्या डब्यांशेजारी पडून आहे. मित्रांनो, देह आहे तो झिजायचाच, त्याचे मला दुःख नाही. दुःख निराळेच आहे. तेवढे ऐकून घ्या.

कारखान्यातून निघालो तेव्हा माझा पत्रा आरशासारखा चमकत होता. घरमालकांनी मला वरच्या भाड्याच्या खोलीत, खिडकीत बसवले. तिथे काकू शिवणयंत्रावर गणवेश शिवत आणि काका पलंगावरून त्यांची थट्टा करत. काकांनी उभा जन्म बस चालवली होती. मी घरघरलो की म्हणत, "लागला बघ घाट! गिअर बदल, बाबा!"

"तुमच्या बसपेक्षा बरा आहे. वेळेवर सुरू तरी होतो," काकू म्हणत.

पुढे माझे वय झाले. ऐन थंडीत माझ्यातून ऊब येईना. काकांची छाती भरू लागली. काकू त्यांना स्वेटरवर स्वेटर चढवत.

एके दिवशी मालक मिस्त्रीला घेऊन आले. मिस्त्री म्हणाला, "कॉम्प्रेसर थकलाय. बदलून बघता येईल, पण जुन्याला ठिगळं किती लावणार? नवाच बसवा."

मालकांचे ठरेना. "काकू, राहता तुम्ही. तुम्हीच सांगा, चालतोय का?"

काकूंचा हात थांबला. शेजारच्या खोलीत नवा एसी आला, नवा रंग लागला आणि जुन्या भाडेकरूंचे सामान रस्त्यावर आले, हे त्यांनी पाहिले होते.

"चालतोय की! छान ऊब देतो. उगाच कशाला खर्चात पडता?"

काकांनी खोकला उशीत दाबला. मालक हायसे वाटून गेले. माझे एवढे कौतुक आजवर कुणी केले नव्हते, आणि ते सारे खोटे होते. देवाने मला घसा दिला, पण शब्द दिले नाहीत.

दार लागताच काका म्हणाले, "खोटं बोललीस गं."

"मग काय करू? तुम्हाला घेऊन कुठे दारोदार फिरू?"

त्याच हिवाळ्यात काकांना दवाखान्यात नेले. परत आल्या त्या एकट्या काकू.

मालक भेटायला आले आणि उंबऱ्यातच थबकले. बोलताना त्यांच्या तोंडून वाफ निघाली. "काकू, केवढा गारठा आहे इथे! आणि तुम्ही तर..."

"नवा बसवलात की खोली दुसऱ्याला द्याल, असं वाटलं."

"अहो, तुम्हाला कोण काढणार होतं? माझ्या मनातसुद्धा नव्हतं!"

"मग तेव्हाच तसं बोलायचं होतंत, बाबा."

मालकांनी तिथूनच मिस्त्रीला फोन लावला.

नवा एसी आला आणि मला खाली उतरवले. मित्रांनो, यंत्र दुरुस्त करा किंवा बदला, आमची तक्रार नाही. पण "चालतोय का?" असे विचारण्याआधी राहणाऱ्याला सांगा, "तुम्ही इथेच राहणार आहात." एवढे सांगायला ना वीज लागते, ना मिस्त्री. ते एक वाक्य कुणी वेळेवर बोलले असते, तरी मी याच जिन्याखाली असतो. काका मात्र वरच्या खोलीत असते.