टोल्यावर न पोचलेला 'नाही'

ग्रामपंचायतीच्या गच्चीवर, लोखंडी नळीला तारेने बांधलेला, कडेला चेपलेला जो करडा भोंगा रस्त्यावरून दिसतो ना मित्रांनो, तो जुना भोंगा मीच. आमचे गाव सानगडीपासून फार लांब नाही. बाजाराच्या दिवशी शेकडो माणसे माझ्याखालून जातात. वर कोणी बघत नाही, पण मी मात्र सगळ्यांना बघतो.

माझा जन्म कारखान्यातला. ॲल्युमिनियमच्या पत्र्याला फिरवून फिरवून मला कर्ण्याचा आकार दिला. गळ्यात चुंबक बसवले, चुंबकाजवळ तारेचे वेटोळे आणि त्याच्यापुढे एक पातळ पडदा. पडदा थरथरला की मी बोलतो. इतकेच माझे शास्त्र. भंडाऱ्यातून गोंदिया जिल्हा वेगळा झाला, त्यानंतरच्या वर्षांत पंचायतीची नवी इमारत उभी राहिली. तिच्याबरोबर मीही आलो.

माइकवर असायचे चपराशी केवळराम. पोलिओचे डोस, रेशनचे तांदूळ, तलावाचे पाणी कधी सुटणार, कोणाची शेळी हरवली, सगळे माझ्याच तोंडून गावाला कळे. एकदा जत्रेत चुकलेले एक पोर माझ्या हाकेमुळे सापडले. त्याच्या आईने खाली उभे राहून मला हात जोडले होते. त्या दिवशी मला आपण कोणीतरी मोठे असल्यासारखे वाटले.

मग घरोघरी मोबाइल आले. सूचना ग्रुपवर जाऊ लागल्या. माझ्या तोंडात साळुंकीने काड्या आणून घरटे केले, तरी कोणाला पत्ता नव्हता.

अशात रुचिता मेश्राम पंचायतीत प्रशिक्षणार्थी म्हणून आली. सानगडीची मुलगी, रसायनशास्त्राची पदवीधर. तिला बसायला खुर्ची मिळाली, टेबल मिळाले नाही. प्रिंटरशेजारच्या कोपऱ्यात ती जन्माचे दाखले भरायची. नेट गेले की हातात बाटल्यांची पेटी घेऊन बाहेर पडायची. नळाचे पाणी परीक्षानळीत घ्यायचे, औषधाचे थेंब टाकायचे. पाणी पिवळे झाले तर क्लोरीन तिथवर पोचले. नाही झाले, तर का नाही झाले याचा शोध घेतल्याशिवाय ती परत यायची नाही.

"मॅडम, कालेजात हेच शिकवलं का, पाण्याचा रंग पाहाचं?" केवळराम विचारायचे.

"हो भाऊ. रंग पाहणं तिथं शिकले, बाकीचं तुम्ही शिकवा."

"बाकीचं म्हनजे चहा आननं," ते म्हणायचे, आणि दोघेही हसायचे.

साळुंकीची पिल्ले उडून गेल्यावर तिनेच वर येऊन माझ्या तोंडातल्या काड्या काढल्या.

त्या पावसाळ्यात मोठी झड लागली. बोडी, म्हणजे आमच्याकडचा लहान तलाव, काठ सोडून वाहू लागली. बोडीपलीकडे टोला आहे, वीसेक घरांची वस्ती. टोल्यावर एक जुनी विहीर. नळ मात्र बोडीच्या अलीकडे, शाळेपाशी. पाऊस उघडल्यावर रुचिताने विहिरीचे पाणी तपासणीच्या बाटलीत भरले आणि बाटली कापडात गुंडाळून कपाटात ठेवली. दुसऱ्या दिवशी पाणी काळेभोर झाले होते. पाण्यात घाणीचे जंतू असले की ते असे काळे होते.

तिने लगेच माइक हाती घेतला. वाक्ये तिने नीट जुळवून आणली होती. "टोल्यावरील विहिरीच्या पाण्याची तपासणी करण्यात आली आहे. ते पाणी पिण्यायोग्य नाही."

ती हे तीनदा बोलली. मीही जीव तोडून बोललो. काम झाले, असे आम्हा दोघांनाही वाटले.

दुसऱ्या दिवशी सकाळी टोल्यावरची रंभाबाई पंचायतीच्या पायऱ्यांवर येऊन उभी राहिली.

"कुठी हाय ते तपासनी करनारी? माह्या नातीले, टीनाले, सकाळपासून जुलाब लागले. पोरगी उठून बसत नाही. तिचा बाप तिले दवाखान्यात घेऊन गेला."

रुचिता बाहेर आली. "मावशी, विहिरीचं पाणी प्यायली का ती?"

"मंग कोनतं पेईन? तुमीच त सांगतलं भोंग्यात. तपासनी झाली, पानी पिण्यायोग्य. मनून आमी नळावर जानं सोडलं. अख्खा टोला हिरीचंच भरून राहिला."

"मावशी, मी 'पिण्यायोग्य नाही' म्हटलं."

"'नाही' कुठी होतं त्याच्यात? टोला का बहिरा हाय?"

"मी बाजूलेच होतो, रंभाबाई," केवळराम म्हणाले. "मॅडमनं 'नाही' मनलं."

"मंग तो 'नाही' बोडीत बुडाला काय?"

रुचिता स्कूटी काढून थेट टोल्यावर गेली. परत आली तेव्हा तिचा चेहरा उतरला होता. चार घरांनी तिचे म्हणणे ऐकले होते. बाकीच्यांचे म्हणणे, भोंगा पंचायतीचा आणि तू सहा महिन्यांची पाहुणी. भोंगा सांगेल तेव्हा बघू.

तिने सचिवांना फोन केला. ते पलीकडून म्हणाले, ग्रुपवर टाक आणि तो भोंगा भंगारात दे. फोन स्पीकरवर होता, मला खालचे सगळे ऐकू येत होते.

"टोल्यावरचे फोन माणसांबरोबर शेतावर, धानाच्या बांधीत गेलेत, साहेब," ती म्हणाली. "घरी बाया आणि लेकरं आहेत. संध्याकाळचं पाणी भरायच्या आत हे थांबलं पाहिजे." फोन ठेवून ती केवळरामांकडे वळली. "भाऊ, तुम्ही माइकवर बसा. एकच वाक्य म्हणत राहा. मी टोल्याकडे चालत जाते. वाक्य पूर्ण ऐकू आलं की हात वर करीन. वरून कोणीतरी बघत राहा."

"कोनतं वाक्य?"

"विहिरीचं नको, आणखी घोळ होईल. 'आज बाजार नाही' म्हणा."

"आज बाजार नाहीच हाय."

"म्हणून तर."

केवळराम बोलू लागले. एक कारकून गच्चीवर आला, पण खरा पाहणारा मीच होतो. वडाजवळ रुचिताचा हात वर गेला. शाळेजवळ गेला. बोडीच्या पाळीवर ती थांबली. मी बोललो. हात अर्धा वर गेला आणि खाली आला. पुढे धानाच्या बांध्यांमध्ये ती उभी राहिली. केवळराम पुन्हापुन्हा म्हणत होते, मी पुन्हापुन्हा ओरडत होतो, आणि तिचा हात काही वर जात नव्हता.

इतक्यात टोल्यावरून एक म्हातारा थैली हलवत निघालेला दिसला. रुचिताने त्याला अडवले. तो बाजाराला निघाला होता.

मित्रांनो, इतकी वर्षे मला वाटायचे की माझे बोलणे गावभर पोचते. ते कुठे संपते, हे त्या दिवशी मी पहिल्यांदा पाहिले.

रुचिता धापा टाकत परत आली, पण तिचे डोळे चमकत होते. "भाऊ, वाक्य संपताना आपला आवाज उतरतो. भोंग्याचा पडदा जुना झालाय, उतरलेला आवाज त्याच्याने लांब जात नाही. आणि आपल्या भाषेत 'नाही' येतो कुठं? शेवटी."

"मी जोरानं मनतो ना मंग." केवळराम माइकवर "नाहीऽऽ" असे ओरडले. माझ्या गळ्यात नुसती खरखर झाली.

"आता मिस्त्री आनू कुठून? तो साकोलीले, आज येत नाही," ते म्हणाले.

रुचिता माइककडे बघत उभी राहिली. "पडदा बदलता येत नाही, तर वाक्य बदलू. शेवटी असा शब्द ठेवू, की तो वाटेत हरवला तरी काही बिघडू नये." मग ती एकदम हसली. "घरी आई मला दटावते तेव्हा 'नोका' आधी म्हणते. मी पुस्तकातलं बोलत बसले."

आणि ती माझ्यातून आपल्या घरच्या बोलीत बोलली. "नोका पिऊ जी. टोल्यावरच्या हिरीचं पानी नोका पिऊ जी. हीर खराब झाली हाय जी. शाळेजवळच्या नळाचं भरा जी, उकळून प्या जी."

एकही 'जी' टोल्यावर पोचला नसेल. त्याने काही अडले नाही. दोर ओढणाऱ्या बाया थांबल्या. माना इकडे वळल्या. रंभाबाई घरातून आली, विहिरीच्या काठावरचा भरलेला गुंड, म्हणजे पाण्याची कळशी, तिने उचलला आणि तिथेच जमिनीवर उपडा केला. मग दुसरीनेही केला. थोड्या वेळाने बोडीच्या पाळीवरून बायांची रांग नळाकडे येताना दिसली.

टीना दवाखान्यात सलाइन लागून बरी झाली. विहिरीत औषध टाकले, पाणी उपसले, पुन्हा बाटली भरली. ती काळी पडली नाही, तेव्हाच विहीर उघडली. साकोलीच्या मिस्त्रीने माझा पडदाही बदलला. आता 'नाही' टोल्यापर्यंत ठणठणीत जातो. तरी केवळराम प्रत्येक वाक्याला 'जी' लावतातच. विचारले तर म्हणतात, "राहू द्या, भोंग्याचा का भरोसा?"

मला त्याचा राग येत नाही. तुमच्याही गावात माझ्यासारखा कोणी असेल. त्याला वर्षातून एकदा खाली उतरवा, धूळ झटका, पडदा तपासा. एवढ्यावर थांबू नका. कोणाला तरी माइकवर बसवा आणि स्वतः शेवटच्या घरापर्यंत चालत जा. तिथे उभे राहून ऐका. कारण मी कितीही जोराने बोललो, तरी तिथे काय पोचले, ते मला इथून ऐकू येत नाही.