कच्च्या सुतातला हार

बटणाला चार भोकं होती आणि सुई दर वेळी भलत्याच भोकातून वर येत होती. काळ्या कोटाचं वरून दुसरं बटण. कोट शेजारच्या पंजाबरावांचा, मागून आणलेला. कचेरीत उभं राहायचं तर अंगावर कोट हवा, असं नवऱ्याचं, शालिकरामचं म्हणणं. जयवंतेनं दोरा दुहेरी घेतला, मग चौहेरी, गाठ मारून दातांनी तोडला आणि बटण ओढून पाहिलं. कोट फाटेल, बटण निघणार नाही. कच्चं काम तिच्या हाताला ठाऊकच नव्हतं... हे मनात आलं तसा तिनं कोट मांडीवरून खाली ठेवला.

"झालं काय वं?" नवरा दारातून म्हणाला.

"झालं. काय सांगसान तिथं?"

"इचारतीन ते. हार कच्च्या सुतात होता म्हनून सांगन."

तिनं कोट त्याच्या हातात दिला. छकडा अमरावतीच्या वाटेला लागला आणि बैलांच्या घुंगरांचा आवाज भातकुलीच्या शिवाराबाहेर जाईपर्यंत ती तशीच उभी राहिली. आत्ता हाक मारली तर ऐकू जाईल. आत्तासुद्धा जाईल. आता नाही जाणार. मग तिनं टोपली उचलली आणि झेंडूच्या वाफ्यात शिरली.

आज नववा दिवस. नऊ दिवस तिला धड भूक नव्हती, धड झोप नव्हती. फुलं तोडायची, ओवायची, भाकरी थापायच्या, सगळं हात करीत होते आणि ती त्यांच्यामागून फरफटत होती. थकवा असा, की रडूसुद्धा पुढच्या वाफ्यावर ढकललेलं.

विमानांचा तमाशा आधी अकोल्याला झाला, मग अमरावतीला आला. विमान जर्मन लढाईतलं. लढाई संपून पंधरा वर्षं झाली तरी उडत होतं, लाकडाचं नि कापडाचं, पंखांवर ठिगळं लावलेलं. गोरा साहेब ते आभाळात उलटं करायचा, कोलांट्या खायला लावायचा, आणि शेवटी मैदानावरून इतकं खाली आणायचा की बाया पोरांची डोकी दाबून धरीत. दोन बांबूंच्या मधे आडवा बांधलेला हार पंखाखालच्या आकड्यानं उचलायचा आणि वर निघून जायचं, असा तो खेळ. हाराचं काम शालिकरामला मिळालं. तमाशाच्या मॅनेजरनं बजावलं होतं, कच्च्या सुतात ओवा. शालिकरामनं घरी येऊन तेच सांगितलं होतं, जसंच्या तसं. का, ते कोणी सांगितलं नाही आणि तिनं विचारलं नाही.

पण हार तुटावा म्हणून कोणी ओवतं? पाच हजार माणसांसमोर? दर्यापूरच्या एका लग्नात यांच्या घरचा हार नवरदेवाच्या गळ्यात तुटला होता. मांडवभर फुलं सांडली, बाया गप्प झाल्या, कोणीतरी म्हणालं, अपशकुन. त्या घरानं पुन्हा यांच्याकडून फूल घेतलं नाही. तेव्हापासून तिनं ठरवलं होतं की आपल्या हातचा हार तुटायचा नाही. कच्चं सूत पुरुषांच्या बोलण्यात असू दे. तिनं घरच्या अंबाडीची सुतळी काढली, तिहेरी वळली आणि त्यात टपोरे झेंडू दाटून ओवले, सुतळी दिसूसुद्धा नये असे. नवरा तेव्हा बैलांना पाणी पाजत होता.

तमाशाच्या दिवशी सकाळी साहेब मैदानावर हार बघायला आला होता. वास घ्यायला वाकला आणि फटाफट शिंकला, तीनदा. कान लालबुंद झाले. स्वतःच हसला. मीसुद्धा हसले, पदराआड... हसले मी. त्यानंतर तासाभरानं आकड्यात हार आला आणि तुटला नाही. एक बांबू उपटला, विमान त्या अंगाला कलंडलं, पंख जमिनीला लागला. मग आग. साहेब आतच राहिला.

आता म्हणतात हार कच्च्या सुतातला, म्हणजे आकडाच नीट बसवला नव्हता. अकोल्याच्या कापसाच्या जिनात काम करणारा देवीदास मिस्त्री, त्यानं बसवलेला. म्हणून तो कोठडीत. तिनं त्याला पाहिलंही नव्हतं. विमानच जुनं होतं, ती स्वतःला सांगायची. अकोल्याला म्हणे निंबाच्या शेंड्याला चाक घासून गेलं होतं. जो माणूस मरणाशी रोज इतक्या जवळून खेळतो त्याला एक ना एक दिवस... हे खरंच होतं. झेंडू तोडता तोडता ती ते पुरतं पटवून घ्यायची, आणि वाफा संपेपर्यंत तिच्या बोटांना सुतळीची चरचर पुन्हा आठवायची. आज सांगायचं. ते आले की हातपाय धुऊ द्यायचे आणि सांगायचं. मारतील तर मारू देत.

दिवस कलताना छकडा आला. शालिकराम ओट्यावर बसला, कोट काढला, घडी घालून बाजूला ठेवला. तिनं पाण्याचा तांब्या पुढे केला. भाकरी वाढू का विचारलं.

"नको. खाल्ली म्या." तो तांब्याकडे पाहत राहिला. "देवीदासची माय आली होती अकोल्याहून. कचेरीच्या आवारात बसून होती, शिदोरी घेऊन. पोराले देऊ देल्ली नाही कोनं. मले म्हने, भाऊ, तुमीच खा, कोनाच्या तरी पोटात जाऊ द्या."

"अन् तुमी खाल्ली?"

"खाल्ली."

आत्ताच. तिनं खांबाला हात धरला. "अवो, मले एक सांगाचं हाय. तो हार..."

"अंबाडीत होता," तो म्हणाला. आवाज चढला नव्हता. "बांबूले बांदला कोनं? म्याच ना? अंबाडी हाताले लागते, जयवंते. सारे आगीकडं पयत होते तवा उरल्या बांबूची गाठ म्याच सोडली, कोनाले दिसू नये म्हनून."

"मंग बांदताना काहून नाही बोलले?"

त्यानं तांब्या उचलून बाजूला ठेवला. "मले बी वाटलं, बरं झालं. तुटनार नाही."

"अन् आज?"

"आज म्या शपथ घेऊन सांगतलं, कच्चं सूत होतं. सोमवारी पुन्हा तारीख हाय देवीदासची." तो आडवा झाला आणि त्यानं डोळ्यांवर हात घेतला.

ती त्याच्या पायाशी बसली. सोमवारला चार दिवस होते. सांगायचं ते सांगून झालं होतं, आणि जिथं सांगायला हवं होतं त्या कचेरीपर्यंत त्यातलं अक्षरही गेलं नव्हतं. तिनं वाट पाहिली — आता छातीवरचा धोंडा दुप्पट होईल, आता रडू येईल. आलं नाही. उलट नऊ दिवसांत पहिल्यांदा श्वास खालपर्यंत गेला. यांना ठाऊक आहे. हे मारणार नाहीत. आपण एकटी नाही. अंगभर मऊ, जड अशी झोप उतरायला लागली आणि पोटात, किती दिवसांनी, कडकडून भूक लागली. बरं वाटत होतं. त्या बाईची भाकरी पोटात घेऊन नवरा इथं निजलाय, तिचं पोर तिथं कोठडीत आहे, आणि मला बरं वाटतंय... तिला स्वतःची शिसारी आली. पण शिसारी आली तरी बरं वाटणं थांबेना. आणि सोमवारपर्यंत या बरं वाटण्याचीच सवय झाली तर, या भीतीनं ती भाकरीच्या दुरडीपासून तोंड फिरवून बसून राहिली.